आपल्यांना बंदी, पाहुण्यांना पायघड्या

सिंगापूरच्या दक्षिण किनाऱ्यालगत सेंटोसा नावाचे बेट आहे. मलय भाषेतील हा शब्द आपल्या 'संतोष' या संस्कृत शब्दावरून आलेला. १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत या बेटाचे नाव 'पुलाऊ ब्लाकांग माती' असे होते आणि त्याचा अर्थ 'पाठीमागे मृत्यू' असा काहीसा भयकारी होता. जेथे ब्रिटिशांच्या तोफा आणि पलटणी असत, तेथे पर्यटनस्थळ उभारण्याचे सिंगापूर शासनाने ठरविले, तेव्हा ते अमंगळ नाव पुसून शांती आणि समाधान सुचविणारे नवे नाव देण्यात आले. अमरावती-अकोल्याची जी मध्यमवर्गीय कुटुंबे अलीकडे सहल कंपन्यांबरोबर सिंगापूरला जातात, त्यांच्या कार्यक्रमात सेंटोसाचा एक दिवस हमखास असतो. रज्जुमार्ग, मत्स्यालय, युनिव्हर्सल स्टुडिओ, वाळूचे किनारे. मुले खूश होतात, छायाचित्रांनी मोबाईल भरतो आणि परतल्यावर एक प्रश्न आवर्जून विचारला जातो : त्या एवढ्याशा देशाला हे जमते, मग आपल्याला का जमू नये?

प्रश्न रास्त आहे. परंतु त्या झगमगाटाचा खर्च कोठून निघतो, हे मात्र सहसा विचारले जात नाही. सेंटोसावरील 'रिसॉर्ट्स वर्ल्ड' हा सुमारे ४९ हेक्टरांचा पसारा २०१० साली खुला झाला. त्याचे आणि मरीना बे येथील दुसऱ्या प्रकल्पाचे मूळ एप्रिल २००५ मधील एका निर्णयात आहे. तोवर सिंगापूरने कॅसिनोला कटाक्षाने दूर ठेवले होते. आधुनिक सिंगापूरचे शिल्पकार ली कुआन यू यांचाही त्याला दीर्घकाळ विरोध होता. पुढे पर्यटनातील स्पर्धेचे कारण देऊन त्यांच्या पुत्राच्या, म्हणजे पंतप्रधान ली सिएन लूंग यांच्या शासनाने दार उघडले. प्रत्येक कॅसिनोच्या जुगाराच्या मजल्याचे क्षेत्र १५ हजार चौरस मीटरांपुरते मर्यादित करण्यात आले. म्हणजे बेटावरच्या त्या अवाढव्य पसाऱ्यात जुगाराची जागा नखाएवढी. उत्पन्नाचा मोठा वाटा मात्र तेथूनच येतो. बाकीची रोषणाई त्याच्या आधाराने चालते.

आता त्या शासनाने स्वतःच्या नागरिकांसाठी काय केले ते पाहावे. सिंगापूरच्या नागरिकाला किंवा तेथील कायम रहिवाशाला कॅसिनोच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वी शुल्क भरावे लागते. आरंभी ते दिवसाला १०० सिंगापूर डॉलर होते, २०१९ मध्ये १५० झाले. हरला तरी ते जाते, जिंकला तरी जाते. याखेरीज घरातील पत्नीला, आईवडिलांना, मुलांना आपल्या माणसाची कॅसिनोबंदी करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. प्रकरण तपासून आदेश निघाला की त्या माणसाला आत सोडले जात नाही. कर्जबाजारी म्हणून न्यायालयाने घोषित केलेल्यांना तर प्रवेशच नाही. शिस्तप्रिय राज्याला साजेशी ही व्यवस्था आहे आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

पण विदेशी पर्यटकाला हे प्रवेशशुल्क लागत नाही. पारपत्र दाखवावे आणि आत जावे. सिंगापूरच्या दृष्टीने विदेशी म्हणजे कोण? तर तुम्ही आणि आम्ही. अमरावतीच्या राजापेठेतून किंवा अकोल्याच्या रामदासपेठेतून गेलेला माणूस. जी वस्तू आपल्या लेकराच्या हाती पडू नये म्हणून दाराला मोठे कुलूप लावायचे, तीच पाहुण्यापुढे तबकात मांडायची, असा हा प्रकार आहे. नेपाळमध्ये कॅसिनो आहेत, पण नेपाळी नागरिकांना तेथे खेळण्यास बंदी आहे. युरोपातील मोनाको हे चिमुकले राज्य ज्या कॅसिनोमुळे जगाला ठाऊक झाले, त्यात मोनाकोच्या नागरिकांना जुगार खेळता येत नाही. जुगाराचे दुकान मांडणारा प्रत्येक दुकानदार आपल्या घरच्यांना त्या दुकानापासून लांब ठेवतो. या मालाचा याहून नेमका दाखला आणखी कोणता हवा?

दूर कशाला, आपल्या शेजारचे गोवे घ्या. गोव्यात जुगारप्रतिबंधक कायदा १९७६ चा. त्याला पहिले भगदाड पडले १९९२ साली, काँग्रेसच्या राजवटीत. पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा जुगार चालविण्यास मुभा मिळाली. १९९६ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि पाण्यावरील जहाजांत टेबलावरचे खेळही कायदेशीर झाले. 'पाण्यावरील' या शब्दाने वाचकाच्या डोळ्यांपुढे खोल समुद्र येईल. प्रत्यक्षात ही जहाजे पणजी शहरासमोर, मांडवी नदीच्या पात्रात नांगर टाकून उभी राहिली. किनाऱ्यावरून पाच-दहा मिनिटांत छोट्या होडीने जहाजावर पोहोचता येते. ज्या नदीला गोमंतकीय माणूस आई मानतो, तिच्या पात्रावर रात्रभर रंगीत दिवे लुकलुकतात आणि पणजीकर ते मुकाट पाहतो.

याच गोव्यात १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत जुगार खेळण्यास मनाई करण्यात आली. निर्णय उत्तमच. त्याची अंमलबजावणी कितपत होते हा वेगळा विषय. पण मग खेळायचे कोणी? उत्तर उघड आहे. नाशिककराने, बेळगावकराने, हैदराबादच्या व्यापाऱ्याने आणि दिवाळीनंतर कपाशीचे पैसे हाती आले म्हणून मित्रांबरोबर गाडी काढून निघालेल्या वऱ्हाडी तरुणाने. प्रवेशाच्या रकमेतच जेवण, मद्य आणि काही रकमेची टोकने दिलेली असतात. फुकट मिळालेल्या टोकनांवर पहिला डाव होतो. दुसरा मात्र स्वतःच्या खिशातून खेळावा लागतो.

येथे एक कटू गोष्ट लिहिणे प्राप्त आहे आणि ती आपल्याच माणसांविषयी असल्याने अधिक स्पष्टपणे लिहिली पाहिजे. विरोधी पक्षात असताना भारतीय जनता पक्षाने मांडवीतील या जहाजांविरुद्ध आंदोलन केले होते. स्वर्गीय मनोहर पर्रीकर त्याच्या अग्रभागी होते. २०१२ मध्ये सत्ता आली, तेव्हा जहाजे आज ना उद्या नदीतून हलतील अशी गोव्यातील सामान्य कार्यकर्त्याची श्रद्धा होती. त्यानंतर मुख्यमंत्री बदलले, जहाजांच्या जागी अधिक मोठी जहाजे आली आणि नदीत राहण्याच्या परवानगीला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. पर्यटन, रोजगार, महसूल ही तीन कारणे प्रत्येक वेळी पुढे आली. कारणे खोटी नाहीत. तिजोरीला दरवर्षी शेकडो कोटी मिळतात, हजारो हातांना काम मिळते. परंतु हीच कारणे २०१२ च्या आधीही होती आणि तेव्हा आपण ती मान्य केली नव्हती. काँग्रेसने केले तर पाप आणि आपण चालू ठेवले तर अर्थव्यवस्था, हा न्याय आपल्या विचारपरंपरेत बसत नाही.

जलक्रीडा पुरेशी झाली नाही म्हणून की काय, कॅसिनो आता जमिनीकडेही वळू पाहत आहे. मोपा विमानतळापासून जवळ, पेडणे तालुक्यातील धारगळ येथे डेल्टा कॉर्प या कंपनीने हॉटेल, जलक्रीडा उद्यान, संमेलन केंद्र यांसह एका भव्य एकात्मिक संकुलाची योजना आखली. सेंटोसाचेच हे धाकटे भावंड म्हणावे. त्यासाठी तीन लाख चौरस मीटरांहून अधिक जमीन तिळारी प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातून वगळण्यात आली आणि ग्रामस्थांनी तिला विरोध केला. तिळारी हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. त्याचे धरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात आहे आणि त्यापायी तेथील मराठी गावे उठली. लोकांनी घरेदारे सोडली ती शेताला पाणी मिळावे म्हणून. 'लाभक्षेत्र' या शब्दाची किंमत वऱ्हाडी माणसाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. सिंचनाच्या अनुशेषाची आकडेमोड दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून आपण ऐकत आलो आहोत. येथे कालव्याच्या पाण्यासाठी पिढ्या वाट पाहतात आणि तेथे पाणी पोहोचू शकणारी जमीन करमणूक संकुलासाठी लाभक्षेत्राबाहेर काढली जाते.

महाराष्ट्राने या बाबतीत गोव्याहून निराळी वाट धरली, हे समाधानाने नोंदविले पाहिजे. तिचा इतिहास मोठा मासलेवाईक आहे. महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम विधिमंडळाने १९७६ मध्ये संमत केला. साल लक्षात घ्या. आणीबाणीचा अंमल, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, ४ जुलै १९७५ पासून संघावर बंदी, अमरावती-अकोल्यासह राज्यभरातील स्वयंसेवक आणि विरोधी कार्यकर्ते तुरुंगात. अशा काळात राज्यकर्त्यांना कॅसिनोचा कायदा सुचला! सुदैवाने तो अमलात आणण्याची अधिसूचना कधी निघालीच नाही. जवळपास ४७ वर्षे तो कायद्याच्या पुस्तकात निपचित पडून राहिला. मधूनमधून कोणी पर्यटनाच्या नावाने त्याला जागे करू पाही. तो अमलात आणण्याबाबत शासनाने निर्णय घ्यावा यासाठी मुंबई उच्च न्यायालयातही प्रकरण गेले होते. अखेर २०२३ साली, देवेंद्र फडणवीस गृहमंत्री असताना, निरसन विधेयक आणून हा कायदाच रद्द करण्यात आला. कॅसिनोला विरोधाची त्यांची भूमिका आधीपासूनची होती, हे येथे सांगितले पाहिजे. सत्तेत असूनही नाही म्हणता येते, याचे उदाहरण पणजीहून फार दूर नाही.

यावर एक हुशार युक्तिवाद नेहमी येतो. तुमच्याच परंपरेत द्यूत आहे, बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतात, कौटिल्याने तर द्यूताध्यक्ष नेमला, मग तुमचा विरोध कसला? युक्तिवाद अर्धवट वाचनातून आलेला असला तरी त्याला उत्तर दिले पाहिजे. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमला हे खरे. नेमलेल्या जागेखेरीज अन्यत्र खेळणाऱ्याला दंड आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच, असा त्याचा दंडक होता. पण या व्यवस्थेमागचा त्याचा हेतू गुप्तपणे वावरणारे चोर-भामटे ओळखता यावेत हा होता. परगावच्या यात्रेकरूंना ओढून आणून खजिना भरण्याची ती योजना नव्हती. मनूने तर द्यूत राज्यातून हद्दपार करावे असे राजाला बजावले आहे. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त हे जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे जगातील बहुधा सर्वात जुने काव्य असेल. त्यात जुगाऱ्याला शेवटी उपदेश मिळतो तो फासे टाकून शेत कसण्याचा. कपाशी-सोयाबीनच्या मुलखात राहणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा.

खरे म्हणजे द्यूताचे परिणाम जाणण्यासाठी वऱ्हाडाला पोथ्या धुंडाळण्याचेही कारण नाही. आपल्या भूमीवरच त्या खुणा आहेत. निषधराज नलाने धाकटा भाऊ पुष्कर याच्याशी द्यूत मांडले आणि तो एकेक वस्तू हरू लागला, तेव्हा त्याची राणी, विदर्भकन्या दमयंती, काय करती झाली? तिने सारथी वार्ष्णेयाला बोलावून दोन्ही मुलांना रथात बसविले आणि माहेरी कुंडिनपुराला पाठवून दिले. हे कुंडिनपूर म्हणजेच अमरावती जिल्ह्यातील, वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर, असे आपली परंपरा मानते. रुक्मिणीचेही माहेर हेच. नवरा हरतो आहे हे दिसताच मुलांना आजोळी धाडणारी आई आजही वऱ्हाडात शोधावी लागत नाही, फक्त रथाच्या जागी एस.टी. असते. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने वसविलेले भोजकट म्हणजे आजचे भातकुली, असे अभ्यासक मानतात. तेथे अनिरुद्धाच्या लग्नाच्या मांडवात बलरामाबरोबर द्यूत रंगले, रुक्मी जिंकल्याचा खोटा दावा करू लागला आणि त्या रागात बलरामाने त्याला ठार केले. दात दाखवून हसणाऱ्या कलिंगराजाचे दातही पाडले. लग्नघराचे रणांगण झाले. आणि चिखलदरा? तो कीचकदरा. वनवास आणि अज्ञातवास भोगणाऱ्या पांडवांपैकी भीमाने कीचकाला मारून जेथे दरीत फेकले, असे मेळघाटात सांगतात, ती जागा. हस्तिनापूरच्या सभेत फासे पडले नसते तर द्रौपदीवर विराटाच्या घरी सैरंध्री होण्याची पाळीच आली नसती.

नलाची कथा कॅसिनोवाल्यांना प्रिय व्हावी अशी एका अर्थी आहे, कारण नल शेवटी गेलेले राज्य जिंकतो. परंतु तो नशिबाने जिंकत नाही. ऋतुपर्ण राजाकडून 'अक्षहृदय' नावाची विद्या शिकतो, फाशांचे गणित शिकतो आणि मग खेळायला बसतो. कॅसिनोत हे अक्षहृदय मालकाच्या हाती असते. रूलेट नावाचे चक्र घ्या. युरोपीय पद्धतीच्या चक्रावर शून्य धरून ३७ घरे असतात. एका आकड्यावर १०० रुपये लावून तो लागला तर ३५ पट, म्हणजे ३,५०० रुपये आणि लावलेले १०० मिळून ३,६०० रुपये हाती येतात. आता ३७ वेळा शंभर-शंभर लावा. खर्च ३,७०० आणि सरासरीने एकदाच आकडा लागणार, म्हणजे मिळणार ३,६००. शंभर रुपये घराने ठेवून घेतले. यात फसवणूक नाही, चक्र हलविलेले नाही, सारे सचोटीचे. एखादा माणूस एखाद्या रात्री जिंकतो, त्याचे छायाचित्रही झळकते. पण रात्रीमागून रात्र हजारो माणसे बसतात तेव्हा ते शून्याचे घर अचूकपणे आपला हिस्सा कापत राहते. अमेरिकी पद्धतीत दोन शून्ये असतात आणि हिस्सा जवळपास दुप्पट होतो. यावर शासनाचा कर वेगळा. १ ऑक्टोबर २०२३ पासून टोकनांच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. दर वाढविणे योग्यच, पण त्यामुळे खेळणाऱ्याच्या हरण्यात राज्येही भागीदार होतात आणि भागीदाराला दुकान बंद करण्याची घाई नसते.

मटक्याचा उगमही वऱ्हाडाने विसरू नये. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता आणि बंद होता भाव मुंबईच्या कापूस बाजारात येई आणि त्यातील अंकांवर पैजा लागत. ज्या पांढऱ्या सोन्यासाठी अमरावती, अकोला, खामगावचे बाजार जगाला ठाऊक झाले, त्याच कापसाच्या भावावर शेत न पाहिलेली माणसे जुगार खेळत. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले तरी जुगार थांबला नाही. मडक्यातून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढणे सुरू झाले, म्हणून 'मटका'. कल्याणजी भगत, रतन खत्री ही नावे त्या धंद्याने घरोघर पोहोचविली. आजही आपल्या स्थानिक वृत्तपत्रांत वरली मटक्यावरील धाडीची बातमी नियमाने वाचायला मिळते. पकडला जातो तो चिठ्ठ्या फाडणारा आणि त्याच्या आसपास रोजमजुरी करणारे चार-पाच जण.

मोबाईलवरच्या जुगाराने तर किनारा, जहाज, पारपत्र यांपैकी कशाचीच गरज उरू दिली नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगविषयक कायदा संमत केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदी आली. असे खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बुद्धिकौशल्याचा खेळ की नशिबाचा, या शब्दच्छलात वर्षानुवर्षे अडकलेला विषय केंद्राने एका घावात निकालात काढला. केंद्र शासन हे करू शकते, महाराष्ट्र १९७६ चा कायदा गाडू शकतो, मग मांडवीतील जहाजेच तेवढी अपवाद का?

राहिला पर्यटनाचा प्रश्न. जुगाराशिवाय पर्यटन उभे राहत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी अकोल्याहून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीत बसावे आणि शेगावला उतरावे. श्री गजानन महाराज संस्थानने उभारलेल्या आनंदसागरातही तलाव आहे, तलावात बेट आहे आणि त्या बेटावर ध्यानमंदिर आहे. मुलांची छोटी रेल्वे, बागा, स्वच्छता, वाजवी दर. मध्यंतरी काही वर्षे ते पर्यटकांसाठी बंद राहिले, तरी त्याची आठवण काढीत नाही असे वऱ्हाडी कुटुंब विरळा. स्वर्गीय शिवशंकरभाऊ पाटील यांच्या देखरेखीखाली आणि सेवाधाऱ्यांच्या बळावर हे घडले. त्यात शून्याचे घर असलेले चक्र कोठेही नव्हते. अर्थात सेवाधारी प्रत्येक पर्यटनस्थळाला मिळणार नाहीत आणि चिखलदऱ्याला व्यावसायिक हॉटेले लागतीलच. पण गाविलगड, मेळघाटचे जंगल, कौंडिण्यपूर, लोणार, शेगाव एवढे एका टप्प्यात असताना रस्ते, स्वच्छतागृहे आणि राहण्याची साधी सोय यांवर पैसा खर्च करणे हे कॅसिनोच्या चर्चेहून शंभरपट निकडीचे आहे.

गोव्यातील जहाजांना पुढची मुदतवाढ देण्याची वेळ येईल, तेव्हा महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनीही आपले म्हणणे पणजीला पत्राने कळवावे. तो गोव्याचा अंतर्गत विषय आहे, असे म्हणून गप्प बसता येणार नाही. गोमंतकीयांना बंदी घातल्यावर त्या जहाजांवर जाणारा प्रत्येक माणूस गोव्याबाहेरचाच, म्हणजे आपल्यापैकीच आहे. सिंगापूरच्या कुटुंबाला जी कॅसिनोबंदी मागता येते, तशी मागणी करण्याचा अधिकार अमरावतीच्या पत्नीला आणि अकोल्याच्या आईलाही गोव्यात मिळाला पाहिजे. जहाजावर चढताना ओळखपत्र पाहिले जातेच, तेव्हा त्यात अशक्य असे काही नाही. गाडगेबाबा शेंडगावात जन्मले, वलगावजवळ त्यांनी देह ठेवला आणि आयुष्यभर व्यसन आणि कर्ज यांविरुद्ध खराटा चालविला. त्यांच्या जिल्ह्यातून ही मागणी पहिल्यांदा जावी. कुटुंब प्रबोधनाच्या बैठका तालुक्या-तालुक्यात होतच असतात. कापूस बाजारात येण्याआधी आणि गोव्याकडे गाड्या निघण्याआधी त्यात हा विषय घेता येईल. रूलेटचे ३७ घरांचे गणित फळ्यावर मांडायला दहा मिनिटे पुरतात.